काटा हलला नाही तरी व्यायाम लागू पडतोय: वजन जास्त असताना शुगर, बीपी आणि लिव्हरसाठी व्यायाम कसा करायचा

व्यायाम सुरू केलेले बरेच जण दीड-दोन महिन्यांत सोडून देतात आणि विचारलं तर कारण बहुतेक वेळा एकच, वजन उतरलं नाही. रोज चाललो, घाम गाळला आणि काट्यावर उभं राहिलो तर जेमतेम एक किलो कमी, मग एवढं करायचं कशासाठी. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या दोन महिन्यांत त्या माणसाच्या शरीरात बरंच काही सुधारलेलं असतं, फक्त ते काट्यावर दिसत नाही, ते दिसतं रक्ताच्या रिपोर्टमध्ये, बीपीच्या मशीनवर आणि कंबरेच्या घेरात, आणि तिथे कोणी बघितलेलंच नसतं.

म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांचं वजन जास्त आहे, शुगर बॉर्डरवर आलीये, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढलीये किंवा डॉक्टर म्हणालेत की आता काहीतरी करा नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील, अशा सगळ्यांसाठी. आधी थोडं आत काय होतं ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की व्यायाम कधी, किती आणि कुठला करायचा हे पाठ करावं लागत नाही.

आत काय होतं

जेवल्यावर रक्तात जी साखर येते ती साठवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपले स्नायू, मांड्या, पोटऱ्या, पाठ वगैरे. एरवी साखर स्नायूत शिरायला इन्सुलिन लागतं, किल्ली लावली की दार उघडतं तसं. वजन जास्त असतं, विशेषतः पोट सुटलेलं असतं तेव्हा स्नायूंच्या आणि लिव्हरच्या आतही चरबी साठत जाते आणि ती किल्ली नीट फिरेनाशी होते, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं, काही वर्षं त्यावर भागतं, शुगरचे रिपोर्ट नॉर्मल येत राहतात, आणि मग कधीतरी स्वादुपिंडाला ते झेपत नाही तेव्हा शुगर वर चढलेली दिसते. म्हणजे शुगर दिसते त्याच्या कितीतरी आधी गडबड सुरू झालेली असते.

आता व्यायाम यात काय करतो ते बघा. स्नायू काम करायला लागला की पेशीच्या आत असलेले ग्लूट-४ नावाचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढायला लागतात, आणि हे इन्सुलिनशिवाय होतं. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात आशेची गोष्ट वाटते, कारण ज्याचं इन्सुलिन नीट चालत नाही त्याच्या शरीरातसुद्धा हा दुसरा रस्ता शाबूत असतो. वजन १०० किलो असो की ७०, मधुमेह असो वा नसो, पाय हलले की साखर आत जाते. पहिल्या दिवसापासून.

व्यायाम थांबल्यावर हा थेट परिणाम काही तासांत ओसरतो, पण त्यानंतरही साधारण एक ते दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात, कधीकधी त्याहून थोडं जास्त. आणि मग ते परत पहिल्यासारखं व्हायला लागतं. म्हणून रविवारी तीन तास ट्रेक आणि बाकी सहा दिवस काहीच नाही यापेक्षा रोजचे २५ मिनिटं शुगरसाठी बरे, आणि म्हणूनच मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको असं सांगितलेलं असतं. हा एक नियम पाळला तरी बाकीचं बरंच पुढेमागे झालेलं चालतं.

दुसरी गोष्ट पोटाची. चरबी दोन ठिकाणी असते, एक चामडीखाली जी चिमटीत धरता येते आणि दुसरी आत, आतडी, लिव्हर वगैरे अवयवांच्या भोवती. त्रास देणारी मुख्यतः ही आतली. व्यायामाने ही आतली चरबी कमी होते आणि वजन तेवढंच राहिलं तरी ती कमी झालेली दिसते, लिव्हरमधल्या चरबीचंही तसंच. कारण असं की इन्सुलिन सतत वर असलं की लिव्हर जादा साखरेची चरबी बनवत राहतं, स्नायूंनी साखर उचलायला सुरुवात केली की इन्सुलिन खाली येतं आणि लिव्हरवरचा तो बोजा कमी होतो. एखाद्याची एक-दीड किलो चरबी जाते आणि तेवढाच स्नायू वाढतो, काटा म्हणतो काही झालं नाही, आणि पँट मात्र सैल झालेली असते.

ट्रायग्लिसराइड तर एका दमदार व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीच थोडे खाली आलेले असतात. बीपी व्यायामानंतर काही तास खाली राहतं आणि नियमित केलं तर ज्यांचं बीपी वाढलेलं आहे त्यांचं वरचं बीपी साधारण ५ ते ७ पॉइंटनी उतरू शकतं. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल हळूहळू आणि थोडंसंच वाढतं. वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएलवर मात्र नुसत्या व्यायामाचा फार परिणाम होत नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक चालायला लागले म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच बंद करतात. तसं अजिबात करू नका.

पुरावा म्हणाल तर तो जुना आणि भक्कम आहे. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये शुगर बॉर्डरवर असलेल्या ५७७ लोकांवर एक अभ्यास सुरू झाला, त्यात एका गटाला फक्त व्यायाम वाढवायला सांगितला होता, आणि सहा वर्षांनी त्या गटात मधुमेह होण्याचा धोका ४६ टक्क्यांनी कमी निघाला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासाचे निकाल आले, तिथे आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि आहारात बदल करून ७ टक्के वजन कमी करायचं असं टार्गेट होतं, त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. ६० च्या पुढच्या लोकांमध्ये तर ७१ टक्के. त्यामुळे आता या वयात काय होणार असं म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मुद्दाम सांगतोय.

आणि हो, वजनाबद्दल खरं सांगायचं तर नुसत्या व्यायामाने वजन थोडंच उतरतं, बऱ्याच अभ्यासांत सरासरी दोन-तीन किलोच्या आसपास. ८० किलोचा माणूस अर्धा तास भराभर चालला तर साधारण दीडशे कॅलरी जातात, त्या थोड्याशा जादा खाण्यात भरून येतात. वजन उतरवायचं असेल तर ताटाकडे बघावं लागेल, तो वेगळा विषय. व्यायाम शुगर, लिव्हर, बीपी आणि स्नायूंसाठी करायचा आणि त्याच हिशोबाने तो मोजायचा.

सुरू करायच्या आधी आकडे लिहून ठेवा

उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर, लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडची टेस्ट, लिव्हरची टेस्ट, बीपी आणि कंबरेचा घेर. एवढं एका पानावर तारीख घालून लिहा. यातल्या पाच गोष्टी डॉक्टर एकत्र बघतात: कंबर जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांमध्ये ४० च्या खाली आणि बायकांमध्ये ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची शुगर १०० किंवा वर. पाचपैकी तीन असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, बॉर्डरवरची शुगर, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. कंबरेची मर्यादा वंशाप्रमाणे बदलते, दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटात चरबी जास्त साठते.

कंबर मोजताना सगळे चुकतात म्हणून नीट सांगतो. पँट जिथे बांधता तिथे टेप लावायचा नाही, पोट खाली उतरलं असेल तर पँट बरीच खाली असते आणि आकडा खोटा येतो. बाजूला बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आला पाहिजे. टेप कपड्यावरून नको, मागून वर-खाली न होता सरळ गेलेला हवा, आरशात बघून घ्या. पोट आत ओढू नका, एक साधा श्वास सोडा आणि श्वास सोडलेला असतानाच वाचा. दोनदा मोजा. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आधी. काट्याचं वेड कमी करायचं असेल तर हा टेप फार उपयोगी पडतो.

डॉक्टरांना आधी कोणी विचारायचं? चालताना छातीत दुखतं किंवा दडपण येतं, थोडं चाललं तरी खूप धाप लागते, चक्कर येते, हार्टचा इतिहास आहे, बीपी फार वाढलेलं आहे, अशांनी आधी तपासून घ्या. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू आहेत त्यांनीही, कारण व्यायामाने शुगर एकदम खाली जाऊ शकते. बाकीच्यांनी हळू चालायला सुरुवात करायला कोणाच्या परवानगीची वाट बघत बसू नका.

पहिला आठवडा: फक्त जेवणानंतर चाला

माझा आग्रह आहे की सुरुवात इथूनच करा, बूट, जिम, ट्रॅकसूट सगळं नंतर. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत उठा आणि १० ते १५ मिनिटं चाला, घरात, गच्चीवर, रस्त्यावर, कुठेही. वेग साधा. जेवायला सुरुवात केल्यावर तासाभराच्या आसपास साखर सगळ्यात वर जाते, नेमकं त्याच वेळी पाय चालू असले की तो चढ बुटका होतो. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांवर हे करून बघितलंय, दिवसातून एकदाच ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी आली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. रात्रीचं एवढं का, तर बहुतेकांचं सगळ्यात मोठं जेवण तेच असतं आणि त्यानंतर आपण बसतो किंवा आडवे होतो. त्यामुळे तिन्ही वेळा जमणार नसेल तर रात्रीचं सोडू नका.

घरी ग्लुकोमीटर असेल तर हे स्वतःवर बघा, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरजच राहत नाही. दोन दिवस रात्री तेच जेवण, तेवढंच, त्याच वेळेला. पहिल्या दिवशी जेवायच्या आधी शुगर बघा, जेवा, बसून राहा, जेवायला सुरुवात केल्यापासून बरोबर एका तासाने परत बघा. दुसऱ्या दिवशी सगळं तसंच, फक्त जेवण संपल्यावर दहा मिनिटांनी उठून पंधरा मिनिटं चाला. हात साबणाने धुऊन कोरडे करून मगच टोचा, बोटाला गोड काही लागलेलं असेल तर रीडिंग उगाच जास्त येतं. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. फरक सगळ्यांना सारखा दिसत नाही पण ज्याला दिसतो तो मग जेवून खुर्चीत बसत नाही.

बसण्याचं काय करायचं

दिवसाला आठ-नऊ तास बसून काम असेल तर सकाळचा अर्धा तास व्यायाम ते सगळं भरून काढत नाही. ऑस्ट्रेलियात जास्त वजनाच्या मध्यमवयीन लोकांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला होता, त्यांना गोड पेय देऊन पाच तास बसवलं, आणि वेगळ्या दिवशी दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं चालायला लावलं. दोन मिनिटांच्या त्या चालण्याने साखर आणि इन्सुलिन दोन्हींची वाढ साधारण पाव हिश्श्याने कमी झाली. आता ऑफिसात दर वीस मिनिटांनी उठणं जमत नाही हे मान्य, पण दर अर्ध्या तासाने उठा, फोन आला की उभं राहून चालत बोला, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा म्हणजे भरायला उठावं लागेल. मीटिंग लांबली तर खुर्चीतल्या खुर्चीत टाचा वर-खाली करत राहा, काहीच न करण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सलग चालणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. हा आकडा बघून घाबरू नका, तो मुक्काम आहे, सुरुवात नाही. आज दहा मिनिटंच जमत असेल तर दहा, पुढच्या आठवड्यात बारा-तेरा, असं वाढवत दोन-अडीच महिन्यांत रोज ३० वर या. सगळ्यात जास्त फायदा शून्यावरून थोड्यावर येण्यात असतो, त्यामुळे १५० पूर्ण झाले नाहीत म्हणून केलेलं वाया गेलं असं काही नसतं.

मध्यम म्हणजे किती जोरात? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता येतंय म्हणजे वेग वाढवा, एका दमात चार शब्द निघत नाहीत म्हणजे कमी करा. घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यापेक्षा हेच धरा, विशेषतः बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल असल्या गोळ्या चालू असतील तर, कारण त्या गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात आणि घड्याळ चुकीचं सांगतं.

वजन जास्त असलेल्यांना गुडघे हा मोठा प्रश्न, आणि यात मला लोकांची खरंच काळजी वाटते कारण उत्साहात पहिल्याच आठवड्यात पळायला जातात आणि महिनाभर घरी बसतात. पळू नका, उड्या मारू नका, निदान सुरुवातीला तरी. सपाट रस्ता निवडा, गुडघा दुखत असेल तर सायकल किंवा पाण्यातला व्यायाम, पाण्यात शरीराचं बरंचसं वजन पायावर येत नाही, स्नायूंना काम मात्र पूर्ण होतं. गुडघ्याच्या आर्थ्रायटिसवरच्या अभ्यासात असं दिसलंय की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, म्हणजे दोन किलो उतरले तरी गुडघ्याला ते कळतं. व्यायामानंतर गुडघा थोडा बोलला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शांत झाला तर चालेल, दुसऱ्या दिवशीही सुजलेला किंवा जास्त दुखत असेल तर वेळ निम्मी करा.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, मांड्या घासून सोलवटतात. बऱ्याच जणांचं चालणं यापायी बंद पडतं आणि लाजेने कारणही सांगत नाहीत. आत मांडीपर्यंत येणारी घट्ट शॉर्ट घाला आणि निघायच्या आधी पेट्रोलियम जेली लावा. तेवढ्याने प्रश्न सुटतो.

सहा-आठ आठवडे झाले, शरीर रुळलं, की मग वेगात बदल घाला. तीन मिनिटं जमेल तितकं भराभर, तीन मिनिटं आरामात, परत तीन भराभर, असं अर्धा तास. डेन्मार्कमध्ये मधुमेह असलेल्यांनी चार महिने असं चालून बघितलं तेव्हा एकाच वेगाने चालणाऱ्यांपेक्षा त्यांची शुगर आणि पोटाची चरबी जास्त सुधारली, आणि दोघांची एकूण मेहनत सारखीच ठेवलेली होती. रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. खूप जोरदार व्यायामानंतर लगेच शुगर बघितली तर कधीकधी वाढलेली दिसते, ती ॲड्रिनालिनमुळे लिव्हरने सोडलेली साखर असते, थोड्या वेळाने उतरते, त्यावरून व्यायाम उलटा पडला असं समजू नका.

वजनाचे व्यायाम टाळू नका

चालणं बहुतेक जण करतात, वजन उचलून किंवा जोर लावून स्नायूंना काम देणारे हे व्यायाम मात्र नव्वद टक्के लोक सोडून देतात असं मला वाटतं, आणि पन्नाशीनंतर हे सोडणं सगळ्यात महागात पडतं कारण वयाबरोबर स्नायू आपोआप कमी होत जातात आणि साखर साठवायची जागाच आकसत जाते. शिवाय डाएट करून वजन उतरवत असाल तर चरबीबरोबर स्नायूही जातो, तो वाचवायचा असेल तर त्याला काम द्यावंच लागतं. उलट नुसते वजनाचे व्यायामही पुरत नाहीत, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जास्त वजनाच्या लोकांवर आठ महिने केलेल्या अभ्यासात पोटाच्या आतली आणि लिव्हरची चरबी चालण्या-पळण्यासारख्या व्यायामाने कमी झाली, नुसत्या वजनाच्या व्यायामाने तेवढी नाही. म्हणून दोन्ही करा, आठवड्यातले दोन दिवस याला द्या, मध्ये एक-दोन दिवस अंतर ठेवून.

सगळ्यात आधी खुर्चीवरून उठणं. हत्ती बसला तरी हलणार नाही अशी भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाय खांद्याइतके लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, बोटं जराशी बाहेर. हात छातीवर घडी. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत टाचांवर जोर देऊन उभे राहा, गुडघे एकमेकांकडे आत वळत असतील तर मुद्दाम बाहेर ढकला. आता खाली बसताना धपकन बसू नका, मनात एक ते तीन म्हणत हळूहळू खाली या, खरा व्यायाम या खाली येण्यात आहे. हात न लावता उठता येत नसेल तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवून उंची वाढवा, दोन आठवड्यांनी उशी काढा. आठ ते बारा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असे दोन-तीन सेट. शेवटी अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटलं पाहिजे, त्याहून सोपं झालं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या, मग पाठीवर पुस्तकांची सॅक.

बाकीचे लवकर सांगतो: भिंतीवर हात टेकून पुशअप, रेझिस्टन्स बँड म्हणजे ताणायचा रबरी पट्टा दाराला अडकवून स्वतःकडे ओढणं, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं, एका पायरीवर चढ-उतर, दोन्ही हातात वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ चालणं. अर्ध्या तासात सगळं होतं. जोर लावताना श्वास कोंडून ठेवायचा नाही, त्याने बीपी एकदम उसळतं. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास झालेला असेल तर जड वजन उचलायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, हे महत्त्वाचं आहे, पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेत असाल आणि व्यायामाआधी शुगर ९० च्या खाली असेल तर आधी थोडं काहीतरी खा. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाच. हात थरथरणं, दरदरून घाम, घाबरल्यासारखं होणं, डोळ्यांपुढे अंधुक, असं झालं की थांबा, १५ ग्रॅम साखर घ्या, पंधरा मिनिटांनी शुगर बघा, ७० च्या वर आली नसेल तर परत घ्या. संध्याकाळी जास्त व्यायाम झाला असेल तर रात्री झोपेतही शुगर उतरू शकते त्यामुळे झोपायच्या आधी एकदा बघा. पायाला बधिरपणा असेल तर व्यायामानंतर रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा, खाली वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघा, फोड आलेला कळत नाही आणि तो चिघळतो.

खाडा पडला तर

पडणारच. आजारपण, प्रवास, लग्नकार्य, कामाचा ताण. दोन दिवसांच्या वर गेलं तर तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं का होईना चाला, तेवढ्याने साखळी धरून राहते. दोन-तीन आठवडे बंद पडलं असेल तर होतं त्याच्या निम्म्यापासून परत सुरू करा आणि दोन आठवड्यांत पहिल्या जागी या. ताप असताना मात्र व्यायाम नको. आणि व्यायाम केला म्हणून बक्षीस म्हणून खायचं, किंवा सकाळी चाललो म्हणून दिवसभर लिफ्ट आणि सोफा, या दोन्ही सवयी नकळत लागतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

कधी काय तपासायचं

जेवणानंतरच्या शुगरमध्ये फरक पहिल्याच आठवड्यात दिसू शकतो. बीपी घरी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसून, रोज एकाच वेळेला, आणि निष्कर्ष चार-सहा आठवड्यांनीच काढा. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत परत करून पैसे घालवू नका, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि हा आकडा त्या काळातली सरासरी दाखवतो. लिपिड आणि लिव्हरची टेस्टही तीन महिन्यांनी. यात एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते, नवीन किंवा जड वजनाचा व्यायाम केला की लिव्हरच्या टेस्टमधले एसजीओटी आणि एसजीपीटी स्नायूंमधूनही रक्तात येतात आणि आठवडाभर वाढलेले राहू शकतात, मग लिव्हर बिघडलं म्हणून घबराट. टेस्टच्या आधीचा आठवडा फक्त चाला, वजन उचलू नका आणि डॉक्टरांना व्यायाम सुरू केल्याचं सांगा.

सगळ्यांना सगळं सारखं मिळत नाही. एकाचं बीपी उतरतं, शुगर तशीच, दुसऱ्याची शुगर सुधारते आणि ट्रायग्लिसराइड जागच्या जागी, यात बराच भाग आनुवंशिक आहे. तीन महिन्यांत एखादा आकडा हलला नाही तर आधी आठवड्याची एकूण मिनिटं मोजा, खरंच १५० होतात का, मग वेग वाढवा, मग वजनाचा व्यायाम होतोय का बघा, झोप सहा तासांपेक्षा कमी आहे का बघा. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या, कारण त्याने शुगर आणि बीपी दोन्ही वर राहतात आणि कितीही चाललं तरी फरक कमी दिसतो.

आणि आकडे सुधारले, बीपी सारखं ११० च्या खाली येतंय, उभं राहिल्यावर गरगरतंय, किंवा उपाशीपोटीची शुगर ८०च्या आसपास राहायला लागलीये, तर ही औषधं कमी करायची वेळ असू शकते. ते स्वतः करू नका, दोन आठवड्यांची रीडिंग तारीख-वेळेसकट लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा, व्यायाम कधी आणि किती करता तेही त्याच कागदावर लिहा, डोस ठरवायला त्यांना तेच लागतं.